प्रवाशाच्या विनंतीवरून

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. एका विमान कंपनीच्या काउंटरवर मी सात वर्षं काम केलं. कंपनीचं नाव विचारू नका, ते माझ्यावर कोरलेलं नाही. माझ्यावर तीनच शब्द आहेत : ‘प्रवाशाच्या विनंतीवरून रद्द’. त्याखाली तारीख लिहायला एक रेघ आहे. बस, एवढाच माझा संसार. पण या तीन शब्दांनी काय घोळ घातला, ते ऐकाल तर तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान इतकं लहान, की शिक्केवाले काका आत बसले की काकूंना बाहेर स्टुलावर बसावं लागे. काका अक्षरं जुळवायचे आणि काकू ती तपासायच्या. शिक्क्याची अक्षरं उलटी असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. काकूंना ती उलटी अक्षरं सुलट्यांपेक्षा भरभर वाचता यायची. काका चिडवायचे, “वर्तमानपत्रसुद्धा आरशात धरून वाचते ही!”

त्या दिवशी कंपनीकडून दोन शिक्क्यांची मागणी आली होती. एक मी आणि दुसरा माझा भाऊ. एकाच रबराच्या तुकड्यातून, एकाच साच्यात आम्ही निघालो. दोघांना सारखीच काळी मूठ बसवली. भावावर कोरलं होतं : ‘कंपनीकडून विमान रद्द’. रबर चिकटू नये म्हणून काका साच्यात पांढरी पावडर टाकत. ती आमच्या अक्षरांच्या फटींमध्ये तशीच बसून राहिली होती. काकूंनी आम्हाला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “जुळे आहेत अगदी. एक म्हणतो तुम्ही रद्द केलं, एक म्हणतो आम्ही. त्यांना म्हणावं, अदलाबदल करू नका.”

त्यांचं बोलणं पुड्यात बांधून पाठवता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

काउंटरवर मी गेलो आणि टकटकताईच्या हाती पडलो. तिचं खरं नाव तिच्या घरच्यांनाच ठाऊक असावं. मला पॅडवर दोनदा टेकवायचं आणि कागदावर एकदा दाबायचं, टक टक ठप्प, अशी तिची पद्धत. त्यावरून सगळे तिला टकटकताई म्हणत. हात मोठा हलका होता तिचा. पॅड सुकलं की ती स्वतः शाई घालायची. शनिवारी जुन्या दात घासायच्या ब्रशने माझी अक्षरं साफ करायची. काउंटरमागच्या काचेच्या खोलीत बसणारे साहेबसुद्धा एकदा म्हणाले होते, “हा शिक्का किती स्वच्छ उठतो!” मी महिनाभर त्याच तोऱ्यात होतो.

तेव्हा संगणक नव्हते असं समजू नका. दोन-दोन होते. पण शिक्का नसलेल्या कागदाला लोक कागद मानत नाहीत, आणि म्हणून माझी भाकरी चालू होती. लोक तिकीट रद्द करायला येत. कुणाच्या मुलाला ताप भरलेला असे, कुणाची रजा ऐनवेळी नाकारलेली असे. एकीची बहीण दोन आठवडे आधीच बाळंत झाली होती, तिला दुसऱ्याच गावी धावायचं होतं. एक नवरामुलगा आला आणि हसत हसत म्हणाला, “लग्नच मोडलं हो, आता जाऊन काय करू?” आणि कागद हातात पडल्यावर तिथेच बाकावर बसून रडला. हे सगळे आपणहून यायचे. त्यांच्या कागदावर मी अगदी खरं तेच बोलत होतो. ‘विनंती’ हा शब्द अंगावर मिरवताना मला अभिमानच वाटायचा. किती सभ्य शब्द!

आणि भाऊ? तो पहिल्याच दिवशी साहेबांनी उचलला. “हा माझ्याकडे राहू दे. हा उमटला की कंपनीच्या मागे लचांड लागतं,” असं म्हणून त्यांनी तो आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

लचांड म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. काउंटरच्या डावीकडच्या खांबावर एक पाटी होती, ‘विमान रद्द झाल्यास प्रवाशांचे हक्क’. दिवसभर समोर तीच, मग ती मला तोंडपाठ झाली. कंपनीने विमान रद्द केलं आणि दोन आठवडे आधी कळवलं नाही, तर प्रवाशाने निवडायचं : दुसरं विमान, आपलं नसेल तर दुसऱ्या कंपनीचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे. थांबावं लागलं तर खाणंपिणं कंपनीचं. मुक्काम पडला तर खोलीही कंपनीची. वादळबिदळ असं हाताबाहेरचं कारण नसेल, तर वरून भरपाई. आणि विमान का रद्द झालं हे प्रवाशाने मागितलं तर लेखी द्यायचं. पुढे त्या पाटीसमोर सहलींच्या जाहिरातीचा एक उभा फलक आणून ठेवला. समुद्रकिनाऱ्यावर हसणारं जोडपं. त्या बाईच्या टोपीमागून पाटीवरचे ‘विमान’ आणि ‘हक्क’ एवढेच दोन शब्द दिसायचे.

आता गंमत ऐका. गंमत कसली, लबाडीच. कंपनीचं विमान रद्द झालं की काउंटरवर रांग लागायची. ताईला वरून एक प्रश्न शिकवून ठेवला होता : “उद्याचं विमान देऊ की रद्द करू?” दमलेली, वैतागलेली माणसं. दहातली सात म्हणायची, “करा रद्द!” झालं! तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला की ती त्यांची विनंती ठरायची. टक टक ठप्प. विमान कंपनीने रद्द केलेलं असायचं आणि कागदावर मी सांगायचो, की यांनीच विनंती केली. मग भरपाई नाही, खोली नाही, काही नाही.

मला कळत नव्हतं का? कळत होतं, मित्रांनो. मी कानाडोळा केला. पॅड ओलं आहे, ठसा स्वच्छ उठतोय, साहेब खूश आहेत, यातच मी समाधानी होतो.

मग तो दिवस आला. दुपारी दोनचं विमान होतं. वैमानिकाचे कामाचे तास संपले होते आणि बदली माणूस कंपनीने ठेवलाच नव्हता. एकशे अडतीस प्रवासी. अडीच वाजता विमान रद्द झाल्याची घोषणा झाली आणि सगळा लोंढा आमच्याकडे वळला.

रांगेत चाळिशीला टेकलेली एक बाई होती, सोबत तिचे वडील. बाईच्या हाताला मनगटाजवळ भाजल्याचे जुने डाग होते. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात बॉयलरवर मदतनीस होती. बारा वर्षं ती बॉयलर सांभाळत होती, पण परवाना नसल्यामुळे सही दुसऱ्याच कुणाची व्हायची. परवान्याची परीक्षा वर्षातून एकदा, तीही लांबच्या शहरात. वडीलही बॉयलरवरच निवृत्त झालेले. जन्म वाफेच्या आवाजात गेल्यामुळे ते साधं ‘पाणी द्या’ म्हणाले तरी चार माणसं वळून बघायची.

“परीक्षा उद्या सकाळी नऊला आहे, मॅडम,” बाई ताईला म्हणाली. “तिसरी खेप आहे माझी. चौथी देत नाहीत.”

“उद्या संध्याकाळच्या विमानात जागा देते.”

“संध्याकाळी जाऊन काय करू? परीक्षकांना चहा पाजू?”

“अहो, आज दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाही का?” वडील गरजले.

ताईने काचेच्या खोलीकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं होतं.

“आमच्याकडे उद्याचंच आहे,” ताई म्हणाली. “ते देऊ की रद्द करू?”

बाईने वडिलांकडे पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, “चला हो, आटपा!” बाई खांदे पाडून म्हणाली, “करा रद्द. आता काय करणार!”

टक टक ठप्प.

तिने कागद न वाचताच पर्समध्ये कोंबला. त्या दिवशी माझा ठसा ब्याण्णव वेळा उमटला. संध्याकाळी ताईने मला पुसलंही नाही. पर्स उचलली आणि कुणाशी न बोलता घरी गेली.

नऊ दिवसांनी बापलेक परत आले. बाईने माझा ठसा असलेला कागद काउंटरवर ठेवला आणि त्याशेजारी परीक्षा मंडळाचं पत्र. ते तिने मोठ्याने वाचलं : “‘उमेदवाराने स्वतःच्या विनंतीवरून प्रवास रद्द केल्याचे कागदपत्रावरून दिसून येते. सबब फेरपरीक्षेचा अर्ज अमान्य करण्यात येत आहे. विमान कंपनीने रद्द केल्याचा दाखला आठ दिवसांत सादर केल्यास फेरविचार होईल.’ यातले दोन दिवस टपालात गेले. मॅडम, मी ही विनंती कधी केली?”

ताई गोंधळली. “तुम्हीच म्हणालात ना, रद्द करा.”

“विमान तुम्ही रद्द केलंत! मग उरलेलं तिकीट मी काय फ्रेम करून भिंतीवर लावू?”

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांना घाबरून होता. म्हणाले, “संगणकात तशीच नोंद आहे, आता बदलता येत नाही. पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन देतो हवं तर.”

“कूपन नको. पैसेही राहू देत बाजूला. त्या दिवशी खरं काय झालं, तेवढं लिहून द्या.”

“बाई, तुम्हाला लिहून दिलं तर बाकीचे सगळे येतील.”

“मग येऊ द्या की!” वडिलांचा आवाज असा काही चढला, की सामान तपासणारे पट्ट्यावरची बॅग सोडून बघायला लागले.

साहेबांनी हात वर केले. तेव्हा बाई वाकून त्या जाहिरातीच्या फलकामागे शिरली. तिथे उभी राहून तिने हक्कांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. सगळ्यात खालच्या ओळीत विमानतळाच्या तक्रार अधिकाऱ्यांच्या खोलीचा क्रमांक होता. ती तडक जिना चढून वर गेली.

चौथ्या दिवशी सुनावणी होती. मंडळाने दिलेल्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. अधिकारी म्हणजे बारकुडी, नाक लाल झालेली, सर्दीने बेजार अशी एक बाई. टेबलावर रुमालांचा ढीग. तिने दोन्ही शिक्के मागवले होते. ताईने मला पाकिटातून नेलं आणि साहेबांनी भावाला आणलं.

सात वर्षांनी आम्ही शेजारी शेजारी ठेवले गेलो. मी काळाठिक्कर, कडा झिजलेल्या, ‘विनंती’तली वेलांटी अर्धी उडालेली. आणि तो साच्यातून काढल्यासारखा पांढराफटक. मला त्याची ओळखच पटेना.

अधिकारीबाईंनी आधी बॉयलरवालीचं म्हणणं ऐकलं. मग साहेबांना विचारलं, “हिने विनंती केली याला आधार काय?”

“शिक्का आहे की,” साहेब म्हणाले.

“बरं. गेल्या सात वर्षांत तुमच्या कंपनीने इथली किती विमानं रद्द केली?”

“बघून सांगावं लागेल.”

“अंदाजे सांगा.”

“शंभर... सव्वाशे.”

अधिकारीबाईंनी माझ्या भावाला उचललं, उलटं केलं आणि अक्षरांवर फुंकर मारली. शिक्केवाल्या काकांची पावडर भुर्रकन उडाली ती थेट त्यांच्या नाकात. एकामागून एक तीन शिंका आल्या. नाक पुसून त्या म्हणाल्या, “सव्वाशे विमानं रद्द केलीत आणि ‘कंपनीकडून विमान रद्द’ या शिक्क्याला आजवर शाईचा थेंब लागलेला नाही. मग इतके दिवस हे लोक आपापल्या विनंतीवरून विमानतळावर ताटकळत होते का?”

साहेब बुटांकडे पाहत राहिले. आता सगळं माझ्यावरच शेकणार असं वाटलं, आणि खरं सांगतो, ते योग्यच झालं असतं.

तेवढ्यात टकटकताई उभी राहिली. “मॅडम, यांनी विनंती केली नव्हती. मी प्रश्नच असा विचारला, की यांनी तो शब्द बोलावा. सगळ्यांना असाच विचारते. आणि त्या दिवशी साडेपाचला दुसऱ्या कंपनीचं विमान होतं. त्यात जागा होत्या. मला माहीत होतं.”

“मग दिली का नाहीत?”

“दुसऱ्या कंपनीचं द्यायचं नाही, असं वरून सांगितलेलं होतं.” ती बॉयलरवालीकडे वळली. “तुम्ही रात्रीच पोचला असता. माझं चुकलं.”

 बॉयलरवालीचे डोळे भरून आले. वडिलांनी पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, “साडेपाचला होतं?” आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

अधिकारीबाईंनी तिथेच दाखला लिहायला लावला : वैमानिक उपलब्ध नसल्यामुळे कंपनीने विमान रद्द केले, प्रवाशाला पर्यायी विमान दिले नाही. माझ्या भावाला पॅडवर टेकवून साहेबांच्याच हातात दिलं. बिचारा सात वर्षं पडून कडक झाला होता. पहिला ठसा अर्धाच उठला. दुसऱ्या वेळी साहेबांनी जोर लावून दाबला, तेव्हा अक्षरं नीट उमटली. बॉयलरवालीने दाखला हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. साहेब पेनाचं टोपण लावून उठले, तरी ती वाचतच होती. मागची बाजूही तिने पाहिली. मग कागद परत टेबलावर सरकवला.

“तारीख राहिली,” ती म्हणाली.

साहेबांनी तारीख घातली. दाखला दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हातात पोचला, मुदत संपायला एक दिवस बाकी असताना. बॉयलरवालीला फेरपरीक्षेची तारीख मिळाली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे बरंच काही झालं. त्या विमानाच्या प्रत्येक प्रवाशाला कंपनीला पत्र पाठवावं लागलं आणि ज्याची त्याची भरपाई द्यावी लागली. हसऱ्या जोडप्याचा फलक उचलला गेला. ताईला ताकीदपत्र मिळालं. ते तिने घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली. आता ती रांगेतल्या माणसाला वेगळं विचारते : “आमचं विमान आम्ही रद्द केलंय. तुम्हाला दुसरं विमान हवं की पूर्ण पैसे? दुसऱ्या कंपनीचंही बघते.” वाक्य लांबलं आहे, रांगही थोडी लांबते.

भाऊ काउंटरवर आला आणि मी खणात गेलो. प्रवाशाने स्वतःच्या हाताने विनंती लिहून दिली तरच मला बाहेर काढतात. महिन्यातून तीन-चारदा. बाकीचा वेळ मी अंधारात, स्टेपलरच्या पिनांच्या डबीशेजारी. ब्रशने साफ करायलाही कुणाला आठवत नाही. वाईट वाटतं, नाही कसं म्हणू? पण तक्रार करायला मला तोंड नाही.

दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी खणातल्या अंधारातही मी दचकलो. तो आवाज चुकणं शक्यच नव्हतं. बॉयलरवालीचे वडील आपल्या बहिणीला सोडायला विमानतळावर आले होते.

“अहो ताई! पोरगी पास झाली माझी! परवाना आला! कालपासून बॉयलरच्या वहीत तिची स्वतःची सही!”

सगळ्या दालनात ऐकू गेलं असणार. ताई हसली का रडली, मला दिसलं नाही. तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला, एवढं खरं. मग ती म्हणाली, “काका, बसा ना. चहा मागवते.” ते म्हणाले, “चहा नको, घाई आहे. तुम्हाला सांगायला आलो. पोरगी म्हणाली, त्या मॅडमना आवर्जून सांगा.”

त्यांची पावलं दूर गेली. मी खणात आडवा पडून होतो. मित्रांनो, तेव्हा मला त्यांच्यामागे धावत जाऊन सांगावंसं वाटलं, की तुमच्या मुलीच्या कागदावर खोटं बोलणारा तो मीच. माझ्यामुळे तिची बारा वर्षं वाया जाता जाता राहिली. पण मला बोलता येतात ते तीनच शब्द, आणि माफीचा शब्द शिक्केवाल्या काकांनी माझ्यावर कोरलेला नाही. म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगितली. उद्या कुणी तुमच्या हातात ठसा मारलेला कागद ठेवला, तर मागची रांग कितीही कुरकुरली तरी जागचे हलू नका. तुमच्या नावावर त्यात काय म्हटलंय, ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आणि तुम्ही तसं म्हटलेलं नसेल, तर कागद तिथेच परत करा.